करणं

गेल्या वर्षी नोव्हेंबरात अण्णांची सही जुळली नाही.

मिरजेत त्यांच्या बँकेत पेन्शनरांची यादी एका टेबलावर ठेवलेली असते. कोषागारातून आलेली, जाडजूड, कोपरे दुमडलेली. आपलं नाव शोधायचं, पुढच्या रकान्यात सही करायची. माणूस हयात आहे हे सरकारला तेवढ्यावर पटतं. तीस तारखेपर्यंत सही पडली नाही, तर डिसेंबरपासून पेन्शन थांबते. अण्णांनी सही केली. टेबलामागच्या मुलीनं ती नमुन्याशी ताडून पाहिली, पुन्हा पाहिली आणि अगदी अदबीनं म्हणाली, “काका, हात हलतोय ना थोडा, असू दे. अंगठा द्या. अंगठा चालतो.” शाईचं पॅडही तिनं पुढं केलं.

“अंगठा मी देत नसतो,” अण्णा म्हणाले. “घेत असतो.”

मुलीला यातलं काही कळायचं कारण नव्हतं. अण्णा १९६४ साली उपकोषागार कार्यालयात कारकून म्हणून लागले आणि मधल्या बदल्या सोडल्या तर २००१ साली तिथूनच निवृत्त झाले. सदतीस वर्षांत त्यांनी किती म्हाताऱ्यांचे अंगठे शाईवर टेकवून कागदावर उमटवले असतील, त्याची मोजदाद नाही. रात्रीच्या जेवणाला आम्हाला ते किस्से ऐकायला मिळत. कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या विधवांना दरवर्षी पुनर्विवाह केला नसल्याचं लिहून द्यावं लागे. तोंडात एकही दात नसलेल्या एका आजीनं अण्णांना त्यावर विचारलं होतं, “का हो साहेब, कुणी आहे का बघण्यात?”

नोव्हेंबर संपला की यादीतले कोरे राहिलेले रकाने तपासायचं काम अण्णांकडे असे. गेलेल्याचं सोपं असतं, ते म्हणत. दाखला येतो, फाईल बंद होते. जो आहे, पण येऊ शकत नाही, त्याचं काम खरं अवघड. त्याच्या घरी माणूस पाठवावा लागतो.

तर आम्ही बाकावर जाऊन बसलो. अण्णांनी पैसे काढायच्या स्लिपांचा गठ्ठा उचलला आणि मागच्या कोऱ्या बाजूला सही गिरवायला लागले. आडनावाचा शेवटचा फराटा पूर्वी एका दमात उजवीकडे जायचा. आता तो वाटेत दोनदा थबकत होता. नऊ-दहा सह्या झाल्या. मग ते घोटभर पाणी प्याले, डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि जाऊन सही केली. या खेपेला ती जुळली, की त्या मुलीनंच जुळवून घेतली, कोण जाणे. सरावाच्या स्लिपा त्यांनी फाडून खिशात घातल्या. सहीचे नमुने असे कुठेही टाकायचे नसतात.

परतीच्या रिक्षात ते गप्प होते. लक्ष्मी मार्केटपाशी रिक्षा अडकली तेव्हा एवढंच म्हणाले, “पुढच्या वर्षी बघू काय ते.” मला वाटलं, बोलायची हीच वेळ.

काय बोलायचं, ते धाकट्या भावानं आधीच मांडून ठेवलं होतं. तो बंगळुरूला असतो, मी पुण्यात. त्यानं एक एक्सेल शीट केली होती. रकाने चार: बंगळुरू, पुणे, मिरज अधिक चोवीस तासांची बाई, आणि चौथा ‘इतर’. इतर म्हणजे वृद्धाश्रम. तो शब्द आम्हा दोघांच्याही बोटांतून उतरत नव्हता. प्रत्येक रकान्याखाली खर्च, फायदे, तोटे, जवळचं हॉस्पिटल. आम्ही दोघं रात्री अकरानंतर फोनवर त्या शीटमध्ये दुरुस्त्या करत असू. ज्यांच्याबद्दल ती होती त्यांना तिचा पत्ता नव्हता.

दिवाळीत मी विषय काढायचा प्रयत्न केला होता. “अण्णा, पुढचं काय ठरवलंय?” ते म्हणाले, “पुढचं? पुढं तुळशीचं लग्न.” बँकेतून आल्यावर मी पुन्हा विचारलं, जरा सरळ. त्यावर त्यांनी मला हाताला धरून कपाटापाशी नेलं आणि निळी फाईल काढली.

फाईल बघून मी थक्क झाले. देहदानाचा भरलेला अर्ज, आईची आणि शेजाऱ्यांची साक्षीदार म्हणून सही. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गावातच आहे, त्यामुळे “नेणं-आणणं सोपं”. पेपरात द्यायच्या निवेदनाचा मसुदा, तारखेची जागा मोकळी, ‘दुःखद’ शब्दावर काट. तेरावं नको, त्या पैशांतून शाळेला पंखे. ठेवींच्या पावत्यांची यादी, प्रत्येकीपुढे नॉमिनी. मृत्युपत्र साध्या कागदावर, स्वतःच्या हातानं, दोन साक्षीदारांसमोर. स्टॅम्पपेपर लागत नाही आणि नोंदणीही सक्तीची नाही, हे त्यांनी मला पुन्हा एकदा समजावलं. शिवाय नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, वारसांपर्यंत पैसे पोचवणारा राखणदार, हेही. एका पाकिटात पंचवीस हजार रोख होते. “त्या दिवशी एटीएमला पळायला लागू नये.”

मी पुण्याला परत निघाले. एसटी कऱ्हाडच्या पुढे गेल्यावर माझ्या लक्षात आलं की त्या फाईलमधला प्रत्येक कागद शेवटच्या श्वासानंतर लागू होणारा होता. त्याच्या आधीच्या एकाही दिवसाबद्दल तिच्यात ओळ नव्हती.

मरणाबद्दल आपली माणसं बोलत नाहीत, असं म्हणायची पद्धत आहे. मला हे पटत नाही. आपल्याकडे म्हातारी माणसं मरणाबद्दल येता-जाता बोलतात, चहा पिता पिता बोलतात. पिकलं पान, पैलतीर, बोलावणं, गोवऱ्या गेल्या मसणात. बोलत नाहीत ते मधल्या काळाबद्दल. “कसे आहेत वडील?” तर “ठणठणीत.” आणि मग एक दिवस, “गेले.” ठणठणीत आणि गेले यांच्या मधल्या वर्षांना मराठीत जे शब्द आहेत ते सगळे अंथरुणाचे. अंथरूण धरलं, अंथरुणाला खिळले, अंथरुणातच सगळं. वाक्यात माणूस कमी आणि गादी जास्त.

त्या वर्षांसाठी एकच योजना घरोघर असते: हातपाय चालताहेत तोवर उचल रे देवा. मिरजेसारख्या गावात राहून ही योजना करायची म्हणजे कमाल आहे. हे गाव दुखण्यांवर वाढलंय. डॉक्टर वानलेस यांच्या मिशन हॉस्पिटलपासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून, इथे लांबलांबून पेशंट येतात. अर्धं उत्तर कर्नाटक इथल्या औषधांच्या दुकानांसमोर उभं असतं. हातपाय थकल्यावरही माणसाला पाच-सात वर्षं जगवण्याची विद्या इथे चौकाचौकात विकत मिळते. खुद्द अण्णांना २०१६ मध्ये छातीत कळ आली, तेव्हा आम्ही त्यांना अर्ध्या तासात टेबलावर घेतलेलं पाहिलं. दोन स्टेंट बसले. हातपाय चालू असताना उचलण्याची देवाची एक संधी आम्हीच हुकवली, आणि आनंदानं पेढे वाटले.

पुण्याला पोचेपर्यंत माझ्या डोक्यात आणखी एक शब्द घोळत होता: काळजी. आपण काळजी करतोही आणि घेतोही. शब्द एक, क्रियापदं दोन, आणि दोघांच्यात केवढी दरी. मी आणि भाऊ करत होतो. रात्री अकरानंतर, फोनवर, मनापासून. काळजी करायला मिरजेत असावं लागत नाही. घ्यायला लागतं.

आणि ज्याला खरोखर घेणं म्हणतात त्यासाठी घरातला शब्द तिसराच आहे. नुसतं ‘करणं’. “तिनं सासूचं फार केलं.” “त्यांचं आता कोण करतं?” काय केलं? वाक्यात कर्मच नाही. भरवणं, पुसणं, उचलून बसवणं, भांडं देणं, भांडं नेऊन ओतणं, कूस बदलणं, नखं काढणं, उत्तर न देणाऱ्या माणसाशी बोलत राहणं, हे सगळं त्या गाळलेल्या जागेत. आपल्या भाषेनं ते सभ्यपणे झाकून ठेवलंय. त्यामुळे “माझं कोण करणार?” हा प्रश्न विचारणाऱ्यालाही नेमकं काय विचारतोय ते उच्चारावं लागत नाही, आणि ऐकणाऱ्याला नेमकं कशाला हो म्हणतोय ते कळत नाही.

जानेवारीत भाऊ आला होता. आम्ही दोघांनी अण्णांना समोर बसवलं. जरा चुकलंच ते, दोघांनी मिळून बसवणं. त्यात भावानं, कामाचा माणूस असल्यामुळे, घराच्या कागदपत्रांपासून सुरुवात केली. अण्णा चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, “घर कुणाच्या नावावर करायचं ते तुमचं ठरलंय वाटतं.”

भाऊ दुखावला. मीही. नंतर विचार केला तेव्हा वाटलं, दुखावायचा आम्हाला काय हक्क? अण्णांच्या पिढीनं ‘नटसम्राट’ पाहिलंय. डिसेंबर १९७० मध्ये शिरवाडकरांचं ते नाटक रंगमंचावर आलं, पुढे अण्णा-आईंनी ते सांगलीला पाहिलं, आणि त्यानंतर मराठी बापानं वाटणीचा कागद समोर आला की अप्पासाहेब बेलवलकरांची आठवण काढली नाही असं झालं नसेल. आमच्या घरी तर शेजारच्या गल्लीत कुणी मुलाच्या नावावर घर केलं की आई फक्त “अरे देवा, बेलवलकर” एवढंच म्हणायची. आपण मायेनं विचारतोय, हे आपल्याला माहीत असतं. समोरच्याला फक्त कागद दिसतो.

वातावरण निवळावं म्हणून मी कायद्याचं काढलं. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा, २००७ चा. नाटकानंतर सदतीस वर्षांनी आलेला. अण्णांचा चेहरा एकदम उजळला. नियम निघाला की ते तरुण होतात. प्रांताधिकाऱ्यापुढे अर्ज करायचा, वकील लागत नाही. निर्वाह म्हणजे अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधपाणी. रक्कम महिना दहा हजारांपर्यंत. सांभाळण्याच्या अटीवर बक्षीसपत्र करून दिलं आणि अट मोडली तर ते रद्द करून घेता येतं, मात्र अट कागदात पाहिजे. “आणि जबाबदार कोण, तर मुलगा, मुलगी, नातू, नात. सज्ञान असले पाहिजेत.”

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. “सून नाही होय त्यात?”

“नाही,” अण्णा म्हणाले. “व्याख्येत सून नाही.”

“मग मी कुठल्या कायद्यानं केलं?”

कोणी काही बोललं नाही. कुकरची शिट्टी झाली. मी उठून आत गेले.

आई पाटावर बसून पावट्याच्या शेंगा सोलत होती. तिचे गुडघे गेलेत, पण शेंगा ती ओट्याशी उभं राहून सोलत नाही. मी समोर बसले, पलीकडची परात ओढली. तिनं आपणहून सुरुवात केली. तिला विचारावं असं मला तोवर एकदाही सुचलं नव्हतं.

आजीला १९८७ च्या पावसाळ्यात अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली आणि वाचाही. त्यानंतर आठ वर्षं ती माजघरातल्या खाटेवर होती. मी तेव्हा तेरा वर्षांची, त्यामुळे मला सगळं आठवतं अशी माझी समजूत होती. माझ्या आठवणीत होता कापूर घातलेल्या खोबरेलाचा वास, आणि मागच्या अंगणातल्या दोरीवर आजीच्या जुन्या लुगड्यांचे फाडलेले, उकळून पांढरेफटक पडलेले तुकडे. मैत्रिणी आल्या तर त्यांना मागच्या अंगणात न्यायचं नाही, असा दंडक होता. एवढंच.

आईजवळ होतं ते वेगळंच. दर दोन तासांनी कूस बदलायची. रात्रीसाठी गजराचं घड्याळ आणलं होतं, पण गजरानं घर जागं होतं म्हणून ते ती उशीखाली ठेवी. काही महिन्यांनी त्याची गरजच राहिली नाही. आपोआप जाग यायची. “त्या जाऊन तीस वर्षं होत आली,” आई म्हणाली, “मला अजून दोनला जाग येते.” एवढ्या वर्षांत हे मला माहीत नव्हतं. मी समजत होते, म्हातारपणामुळे तिची झोप कमी झालीय. एकदाच ती भाचीच्या लग्नाला माहेरी गेली, तीन दिवस. परत आली तर आजीच्या माकडहाडावर रुपयाएवढी जखम. ती भरायला पाच महिने लागले. रोज धुवायची, वाळवायची, पट्टी बदलायची. त्यानंतर आजी असेपर्यंत ती माहेरी मुक्कामाला गेली नाही.

“तेव्हा अण्णा काय करायचे?” मी विचारलं.

“वाचून दाखवायचे की. रोज संध्याकाळी पेपर. पाव तास.” तिनं सोललेले दाणे हातानं सारखे केले. “गल्लीतले लोक म्हणायचे, मुलगा असावा तर असा.”

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

“एक सांगून ठेवते,” ती म्हणाली. “मी केलं ते केलं. पण मला ते करायला आवडत होतं, असं कुणी धरून चालू नका. पुण्य मिळतं म्हणतात. मला झोप पाहिजे होती.”

बाहेरच्या खोलीत अण्णांच्या पेपरचं पान बराच वेळ उलटल्याचं ऐकू आलं नाही.

आम्ही भावंडं इतके महिने ‘आई-अण्णा’ म्हणत होतो आणि बघत होतो फक्त अण्णांकडे. साधा हिशेब होता. आई त्यांच्याहून सहा वर्षांनी लहान. कुठलीही जनगणना काढून बघा, साठीपुढच्या विधवा विधुरांहून कितीतरी अधिक असतात. अण्णांचं करायला आई आहे, हे आम्ही न बोलता गृहीत धरलं होतं. शीटमध्ये तिचं नाव खर्चात नव्हतं, आणि खरं तर सगळी शीट तिच्यावरच उभी होती. शिवाय या घरात ‘करणं’ म्हणजे काय ते प्रत्यक्ष ठाऊक असलेली ती एकटी. पुढच्या मुक्कामाबद्दल विचारायचं तर तिथे आठ वर्षं राहून आलेल्याला विचारावं, इतकी साधी गोष्ट.

तिचं सगळं ठरलेलं होतं. पाच मिनिटांत सांगून मोकळी झाली. सुनेनं माझं करायचं नाही, नोकरी तर अजिबात सोडायची नाही. तू पण नाही. बाई ठेवायची. एक नाही, दोन. दिवसाची वेगळी, रात्रीची वेगळी, कारण झोप नसलेल्या बाईचा हात जड होतो. त्यासाठी घर विकावं लागलं तर विका. आंघोळ मुलानं घालायची नाही. मला लाज वाटेल, आणि त्यालाही. केस बारीक कापून टाका, त्यात गुंतून राहू नका. आणि माझ्या देखत माझ्याबद्दल, मी तिथे नसल्यासारखं बोलायचं नाही. “त्यांना वाचा नव्हती, पण ऐकू यायचं. लोक खाटेशी उभं राहून म्हणायचे, सुटतील आता. त्या माझ्याकडे बघायच्या.”

दोन बायकांचं ऐकून मी खाली बघितलं. माझ्या सासूबाईंच्या शेवटच्या वर्षात आम्ही पुण्यात ब्युरोतून बाई ठेवली होती, चोवीस तासांची. खूप चांगल्या होत्या त्या मावशी. उस्मानाबादकडच्या. रात्री किती वेळा उठतात, हे मी कधी मोजलं नाही. त्यांची स्वतःची आई गावी एकटी असते, हे मला दोन महिन्यांनी कळलं, आणि तेही त्या रजा मागायला आल्या म्हणून.

“आणि बंगळुरूला जायला माझी ना नाही,” आई म्हणाली.

“अण्णा तर म्हणतात, तिथं भाषेची अडचण.”

“त्यांना. मला कुठली? मी चिकोडीची की.”

भावाच्या शीटमध्ये बंगळुरूच्या रकान्याखाली, तोट्यांत, पहिलाच शब्द होता: भाषा. आईचं माहेर चिकोडी. लहानपणी आम्ही मामाकडे गेलो की तिचा आवाजसुद्धा बदलायचा, कानडीत शिरली की ती मोठ्यानं हसायची. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मग मी धीर करून चौथ्या रकान्याचं विचारलं, तोही शब्द न उच्चारता, गोल गोल. तिनंच तो उच्चारला. गावाबाहेरच्या एका वृद्धाश्रमात ती आणि तिचं भजनी मंडळ महिन्यातून एकदा जातं. “बरं आहे तिथं. चार बायका बोलायला असतात, जेवण आयतं. हे आहेत तोवर नाही. हे नसले तर जाऊन बघेन पंधरा दिवस. लोक तुम्हाला नावं ठेवतील म्हणून मी नको म्हणायचं, असं थोडंच आहे?” मग जरा थांबून, “पंच्याहत्तरीनंतर दोघांनाही एसटी फुकट झालीय. अडीच वर्षं ह्यांचं कार्ड पाकिटात नुसतं झिजतंय. जायचं कुठं, ते कुणी बोलतच नाही.”

त्या संध्याकाळी अण्णांनी फुलस्केप वही काढली. पट्टी लावून समास आखला. रेघ वाकडी गेली, पुसली, पुन्हा आखली. वर आईचं नाव, त्याखाली ‘अटी व शर्ती’. तिला समोर बसवून एकेक कलम पुन्हा सांगायला लावलं आणि लिहून घेतलं. कलम तीनपाशी थांबले. “दोन बायका म्हणजे महिन्याला केवढे होतील, कल्पना आहे?”

“लिहा,” आई म्हणाली.

त्यांनी लिहिलं.

तेव्हापासून अण्णांना या विषयाची गोडी लागली, पण त्यांच्या पद्धतीनं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाचं कात्रण त्यांनी कुठूनसं मिळवलं. बरं होण्याची आशा नसताना यंत्रांवर जगवत ठेवू नका, असं शुद्धीत असताना लिहून ठेवता येतं. आधी त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची. २०२३ मध्ये ते सोपं झालं: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. वेळ आली की डॉक्टरांची दोन मंडळं एकापाठोपाठ एक बघणार आणि मग ठरणार. ‘राजपत्रित अधिकारी’ म्हणताना अण्णांचा आवाज पूर्वीसारखा खणखणीत झाला. त्यांनी दोघांचेही मसुदे केले. आईनं आपला वाचला, दोनदा वाचला आणि सही केली. मग विचारलं, “नळ्या नकोत, ते यात आलं. पाठ कुणी पुसायची, ते कुठल्या कागदावर लिहायचं?”

अण्णांनी उत्तर दिलं नाही. पण मार्चमध्ये मी गेले तेव्हा बघितलं, आईच्या पायांची नखं ते काढत होते. तिला गुडघ्यांमुळे वाकता येत नाही. ते खाली पाटावर, ती खुर्चीत. त्यांचा हात हलत होता आणि ती ओरडत होती, “अहो, बोट जाईल माझं.” नखं चार ठिकाणी वेडीवाकडी कापली गेली होती. मला बघून अण्णा ओशाळले, पण उठले नाहीत. उजव्या पायाची दोन बोटं राहिली होती.

भावाची शीट आता बदललीय. ‘इतर’च्या जागी त्यानं पूर्ण शब्द लिहिलाय. बंगळुरूच्या तोट्यांतून भाषा गेली, जिना आला, कारण त्याच्या घराला लिफ्ट नाही. आई म्हणाली, मग घर बदल. तो शोधतोय. दोन बायकांच्या पगाराच्या पुढे त्यानं लाल रंग दिलाय आणि तो आकडा बघून आम्ही दोघं अजून गप्प होतो. घर विकायचं म्हणजे अण्णांच्या हयातीत की नंतर, हे कुणीच बोललेलं नाही. तिथे अजून बेलवलकर बसलेत.

परवा मी मिरजेला गेले. बावीस नोव्हेंबर. अण्णांनी उत्साहानं बातमी दिली की या महिन्यापासून बँकेच्या खात्याला चार नॉमिनी लावता येतात. अर्ज आणून ठेवले होते. त्यात त्यांनी भावाच्या बायकोचं नाव घातलं होतं. “व्याख्येत नसली म्हणून काय झालं,” म्हणाले. हयातीच्या यादीवर मात्र अजून सही केली नव्हती. आई म्हणते, रोज सकाळी देवपूजेनंतर वहीच्या मागच्या पानावर सही गिरवत बसतात.

मी वही चाळली. आईच्या अटींचं पान भरलेलं, मध्ये दोन कलमं वाढलेली. त्यासमोरच्या पानावर पट्टीनं आखलेला तसाच समास, वर अण्णांचं स्वतःचं नाव, खाली ‘अटी व शर्ती’, आणि पहिली ओळ: ‘देहदानाचा अर्ज. कपाट, डावीकडे, निळी फाईल.’ त्याच्याखाली आकडे घातलेले होते, दोन ते दहा. आकड्यांपुढे काही नव्हतं.

“अण्णा, हे पान?”

“तीस तारखेपर्यंत मुदत असते,” ते म्हणाले, आणि डाव्या हातानं मनगट धरून पेनाला टोपण बसवायला लागले.